बीर-अस्मरच्या बाईला वाली कोण

प्रति,
मा. काझीसाहेब,
हज काफिला, दमास्कस ते मक्का,
मुक्काम : किल्ले बीर-अस्मर, दरवाज्याबाहेरील तळ.

अर्जदार : सुकैना, वडिलांचे नाव अब्बास, विधवा, धंदा विणकाम. मूळ राहणार ऐन-सुनूबर, जबल आमिल. हल्ली राहणार किल्ले बीर-अस्मर, नाइलाजाने.

विषय : किल्ल्याबाहेर पडू देणेबाबत, तसेच अर्जदाराचे परस्पर ठरविलेले लग्न थांबविणेबाबत.

संदर्भ : गेल्या सफर महिन्यात याच दरवाज्यात अर्जदाराने शपथेवर केलेले निवेदन, जे खोटे आहे.

महोदय,

काफिला आज दुपारी तळावर उतरला आणि उद्या उजाडताच हलणार, हे अर्जदारास माहीत आहे. आपल्या तंबूपुढे उंटांच्या भाड्याचे तंटे घेऊन माणसे बसली असतील, हेही माहीत आहे. तरी हा कागद मधेच खाली न ठेवता शेवटपर्यंत वाचावा, एवढी विनंती आधीच करून ठेवते, कारण अर्जदाराविषयी जे काही चांगले सांगण्यासारखे आहे ते शेवटाकडे आहे.

१. अर्जदार शिया आहे. किल्ल्यात तिला राफिजी, म्हणजे पाखंडी, म्हणतात. हे ती लपवीत नाही. पूर्वी लपविले होते, त्याचेच हे सगळे झाले.

अर्जदाराचे यजमान वारल्यावर तिने हजचा नवस केला. बाईमाणसाने एकटीने जाऊ नये, म्हणून धाकटा भाऊ मुहसिन बरोबर निघाला. मुहसिन हा भांडी ठोकणारा तांबट, आई गेल्यावर अर्जदाराने अंगाखांद्यावर वाढवलेला. त्या साली सुलतानाची इराणच्या शिया शहाशी लढाई चालू होती आणि काफिल्यात शिया सापडला की त्याला शहाचा हेर समजून बाजूला काढीत. दमास्कसच्या वेशीबाहेर उंट बसवता बसवता मुहसिन म्हणाला, "ताई, इथून मक्केपर्यंत तू आयशा आणि मी उमर, अस्सल सुन्नी नावं. अल्लाला आपली खरी नावं ठाऊक आहेत. शिपायांना कशाला हवीत?"

अर्जदार म्हणाली, "नावाचं एक वेळ ठीक आहे. पण मला बायको म्हणून का लिहून आलास?"

"भाऊबहीण म्हटलं की बाप कोण, गाव कोणतं, सगळं निघतं. नवराबायकोला कोणी काही विचारत नाही."

"तुझी खरी बायको ऐकेल तर भांडी तुझ्याच डोक्यावर ठोकेल," असे अर्जदार म्हणाली आणि दोघेही हसली. हे हसणे येथे नमूद करण्याचे कारण एवढेच, की त्यांना त्यात मोठे पाप वाटले नव्हते. जीव वाचविण्यासाठी पंथ झाकावा, अशी त्यांच्या लोकांत मुभा आहे.

२. या किल्ल्याच्या अलीकडच्या मुक्कामी अर्जदारास ताप भरला. बीर-अस्मरला पोचेपर्यंत ती उंटावर बसू शकत नव्हती. काफिला कोणासाठी थांबत नाही. मुहसिनने किल्लेदार बकीर आगा यांचे पाय धरले आणि "माझी बायको आयशा हिला परतीच्या वाटेवर घेऊन जाईन" असे सांगून तिला आत सोडले. आगांनी ठेवून घेतले, हा त्यांचा उपकार आहे. तो अर्जदार विसरलेली नाही. ठेवून घेतले नसते तर ती त्याच आठवड्यात वाळूत गेली असती.

तापात माणूस काय बोलतो ते त्याच्या हातात नसते. अर्जदार शुद्धीवर आली तेव्हा शिपाई दारात उभे होते आणि एक जण म्हणत होता, "आयशा म्हणे! अहो, ही रात्रंदिवस हुसैनला हाका मारतेय. कोणत्या आयशाच्या तोंडी ही हाक ऐकलीत?" तिच्या गाठोड्यात करबलाच्या मातीची वडी सापडली. शिया नमाजात जिच्यावर कपाळ टेकतात, ती. मग किल्ल्यात नमाज पढविणारे पेशइमाम मुल्ला यूनुस तिच्याजवळ बसले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही मरणाच्या दारातून आला आहात. आता तरी खरं नाव सांगा, म्हणजे उद्या काही झालं तर कबरीवर तरी खरं लावता येईल." अर्जदाराने सांगितले. नाव सुकैना, आणि ज्याने सोडले तो नवरा नसून भाऊ. अंगात त्राण नव्हते आणि कोणीतरी प्रेमाने विचारले होते, म्हणून सांगितले. मुल्ला यूनुस यांनी ते आगांना कळविले, कारण कळविणे त्यांचे काम आहे.

३. तेव्हापासून किल्ल्याच्या दप्तरात अर्जदार दोन आहेत. आयशा नावाची बाई आत आली, पण ती किल्ल्यात नाही. सुकैना नावाची बाई किल्ल्यात आहे, पण ती आत आलेलीच नाही. आगांनी वर विचारणा केली. उत्तर आले की बाईची ओळख पटेपर्यंत तिला कोणाच्याही ताब्यात देऊ नये.

अर्जदाराने एकदा आगांस विचारले, "माझा गुन्हा काय आणि सुटका कधी?"

आगा रागावले नाहीत. ते जवाची पोती मोजून घेत होते. म्हणाले, "तुला कोणी कैद केलंय? कैद्याला मी साखळी घालतो. तुला घातली का?"

"नाही."

"मग सुटका कसली मागतेस? जो कैदी नाही त्याच्या सुटकेचा हुकूम कोण काढणार?"

आपण कायद्याचे जाणकार आहात. अर्जदार अडाणी आहे. परंतु जिला धरलेले नाही तिला सोडता येत नाही, या म्हणण्याला काय उत्तर द्यावे ते तिला आजवर सुचलेले नाही.

किल्ल्यात दुसरी बाई एकच, उम्म सब्हा. ही रानातल्या टोळीतली विधवा, शिपायांचे दळण दळते. दरवाजा किलकिला असताना ती अर्जदारास म्हणाली, "जा की! कोण अडवतंय? पण आधी नीट बघून घे बाहेर काय आहे ते." अर्जदाराने पाहिले. बाहेर काहीच नव्हते. पुढचा किल्ला कित्येक मजलांवर, मधे पाणी नाही, आणि जिथे आहे तिथे टोळ्या बसलेल्या. उम्म सब्हा जात्याचा खुंटा तिच्या हातात देत म्हणाली, "ये, दळ. भिंतीच्या आत निदान सावली आहे."

४. आता संदर्भातील निवेदनाविषयी.

सफर महिन्यात काफिला मक्केहून परतला. बुरुजावरून धूळ दिसली तेव्हापासून अर्जदार गाठोडे बांधून बसली होती. आगांनी तिला बोलावून घेतले व आधीच समज दिली. त्यांचे शब्द असे होते : "ऐक. तो येईल आणि बायको मागेल. तू बायको म्हणालीस तर तू खोटी, कारण मुल्लापाशी तूच भाऊ सांगितलास. भाऊ म्हणालीस तर तो खोटा. खोट्या नावाने, खोट्या पंथाने काफिल्यात शिरलेल्या माणसाचं सध्या काय करतात ते तुला माहीत आहे. मी तुझ्यावर डूख धरून बोलत नाही. मला वर लिहून कळवायचं असतं, म्हणून बोलतो."

दरवाजा एक माणूस मावेल इतका उघडला. बाहेर मुहसिन उभा होता. हजला काढलेले डोक्याचे केस पुन्हा बोटभर वाढले होते, चेहरा उन्हाने काळवंडला होता. अर्जदारास पाहताच तो इतका मोकळेपणाने हसला, की तिला वाटले आता सगळे याच हसण्याने उघडे पडणार. त्याच्या दोन्ही बाजूंना शिपाई होते.

आगा म्हणाले, "ही तुझी कोण?"

त्याने तोंड उघडले. आगा म्हणाले, "थांब. आधी ती सांगेल."

अर्जदाराने शपथ घेतली आणि सांगितले, "या गृहस्थांना मी ओळखत नाही."

"नीट बघ."

"बघितलं. नाही ओळखत."

मुहसिनला कळायला वेळ लागला. त्याने आगांकडे पाहिले, शिपायांकडे पाहिले, मग अर्जदाराकडे. ती जमिनीकडे पाहत होती, म्हणून त्याचा चेहरा कसा झाला ते ती सांगू शकत नाही. आवाज तेवढा ऐकला. तो म्हणाला, "बरोबर आहे. चूक माझीच. माझी बायको बहुतेक दुसऱ्या किल्ल्यात असेल."

शिपाई खो खो हसले. एक जण म्हणाला, "बायको कुठल्या किल्ल्यात ठेवली तेच विसरलास होय? मोठा नशीबवान आहेस, लेका!"

"हो ना," मुहसिन म्हणाला. "सगळे किल्ले सारखेच दिसतात."

तोही त्यांच्याबरोबर हसला. मग त्याने खांद्यावरची मक्केतल्या पवित्र झमझम विहिरीच्या पाण्याची लहान पखाल काढून उंबऱ्यावर ठेवली. "या बाई आजारी दिसतात. त्यांना द्या," एवढे बोलून तो गेला. दरवाजा लावला. अर्जदाराने ते पाणी पहिले काही दिवस जपून ठेवले, नंतर तहान लागली तेव्हा प्यायली.

महोदय, मुहसिन हा तिचा सख्खा भाऊ आहे. निवेदन खोटे आहे. शपथ खोटी घेतली, याबद्दल अल्लापुढे जे भोगायचे ते ती भोगील. परंतु पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच बोलेल, हेही ती आपणांस सांगते, कारण आता खोटे बोलण्याचा तिला वीट आला आहे.

५. हे सर्व ती इतके महिने का बोलली नाही, असे आपण विचाराल. भाऊ सुलतानाच्या मुलखात होता, म्हणून बोलली नाही. उन्हाळ्यात धान्य घेऊन उंट आले. त्यांतला एक उंटवाला जबल आमिलकडचा निघाला. अर्जदाराने विहिरीपाशी त्याला मुहसिन तांबटाची खबर विचारली. तो म्हणाला, "ऐन-सुनूबरचा मुहसिन? तो आता कुठला तांबट! घर विकलं, बायकापोरं घेतली आणि शहाच्या मुलखात निघून गेला. गावात म्हणतात, हजहून आला तो माणूस वेगळाच. कोणाशी बोलेना. बहीण वाटेत वारली म्हणाला आणि तिचं दिवसकार्यही करू देईना."

त्या दिवशी अर्जदार जात्यावर बसली आणि तिला दळता येईना. उम्म सब्हाने विचारले, "कोण गेलं?"

"कोणी नाही. सुखरूप आहे."

"मग रडतेस कशाला?"

भाऊ सुखरूप आहे, आता त्याला इथला हात पोचत नाही, म्हणून खरे बोलायला ती मोकळी झाली. परंतु तो परत येणार नाही, आणि त्याच्याशिवाय तिची ओळख पटवील असे माणूस या जगात नाही. खरे बोलता आले तेव्हा त्या खऱ्याला साक्षीदार उरला नाही.

६. लग्नाविषयी. आगांचे म्हणणे की किल्ल्यात बिनलग्नाची बाई असणे शिस्तीला सोडून आहे, शिपायांत कुरबुरी होतात. हे खरे आहे. अर्जदार पाण्याला निघाली की तीन जणांना एकाच वेळी तहान लागते. म्हणून आगांनी तिचे लग्न गोलंदाज दुरमुश यांच्याशी ठरविले आहे. दुरमुश वयस्क आहेत, तोफेच्या आवाजाने एका कानाने बहिरे झाले आहेत. त्यांच्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. ते स्वतः लाजत येऊन म्हणाले, "बाई, माझी काही मागणी नाही. संध्याकाळी कोणी 'जेवलात का' असं विचारलं तर बरं वाटेल, इतकंच." असे बोलणाऱ्या माणसाला नाही म्हणणे अर्जदारास जड गेले, पण तिने नाही म्हटले. एका कानाने ऐकू येत नसल्यामुळे तिला ते दोनदा म्हणावे लागले.

अडचण पुढे आली ती नावाची. आगांनी चौघांदेखत हिशेब मांडला : "आयशा लग्नाची आहे, तिचं दुसरं लग्न लागत नाही. सुकैना राफिजी आहे, तिच्याशी लग्न लावलं तर वरून मला विचारतील. तेव्हा सोपं करू. तू तौबा कर आणि नवीन नाव घे. त्या नावाच्या बाईला ना नवरा, ना भाऊ, ना पंथ. कोणाला काही विचारायलाच नको."

अर्जदार म्हणाली, "आणि त्या बाईचे आईबाप?"

"किल्ल्यात जन्मली असं लिहू."

नाव मुल्ला यूनुस यांना विचारले. त्यांनी सुचविले नाही. आगांनीच अमतुल्ला ठरविले. मुल्ला एवढेच बोलले, की विधवेच्या बाबतीत मौन हा होकार धरता येत नाही, तिने तोंडाने हो म्हटले पाहिजे. आगा म्हणाले, "मग बोलती करा तिला. तुमचं शिक्षण कशासाठी आहे?"

काफिला उद्या हलल्यावर हे लग्न लावण्याचे ठरले आहे. त्यानंतर सुकैना नावाची बाई कोठेही राहणार नाही. जी बाई किल्ल्यात जन्मली, ती किल्ल्याबाहेर जायचे आहे असे कोणाला आणि कशाच्या आधारावर म्हणेल?

७. विनंती. हे लग्न थांबवावे. आणि अर्जदारास काफिल्याबरोबर जाऊ द्यावे, पुढे मक्केकडे. ती तिकडेच निघाली होती. उंट नको. ती बायकांच्या मागून चालत येईल, पाणी मागणार नाही, तापली तर कोणत्याही किल्ल्यात सोडू नका म्हणून सांगेल, वाळूतच सोडा. तिला तिच्या नावाने नेता येत नसेल तर नावाशिवाय न्यावे.

आणि शिया असल्याबद्दल, खोटे नाव घेतल्याबद्दल, खोटी शपथ घेतल्याबद्दल तिला शिक्षा देणे आपणांस भाग असेल, तर तीही तिला मान्य आहे. फक्त ती शिक्षा पुढच्या कोणत्याही मुक्कामी द्यावी. येथे नको. फटके असतील तर फटके, कोठडी असेल तर कोठडी. कोठडीत टाकलेल्या माणसाला सुटकेचा हुकूम तरी निघतो.

एवढे लिहून झाल्यावर मुल्ला यूनुस यांनी विचारले की अजून काही घालायचे आहे का. अर्जदारास खूप काही घालायचे होते. पण तळावर मगरिबची, सूर्यास्ताची, बांग होत आहे आणि काझीसाहेबांना कागद नमाजानंतर लगेच द्यावयाचा आहे.

आपल्या उंबऱ्याशी उभी असलेली,

सुकैना बिन्त अब्बास
(निशाणी)

किल्ले बीर-अस्मर, जिल्काद, हिजरी १०२६.

लेखनिक : मुल्ला यूनुस, पेशइमाम. बाईने सांगितले तसे लिहिले. मौनाबद्दलचे माझे वाक्य मी गाळा म्हटले होते, तिने गाळू दिले नाही.

सोबत : काही नाही. अर्जदारापाशी जोडण्यासारखा एकही कागद नाही.

शेरा (अर्जाच्या पाठीवर, काझीसाहेबांच्या हस्ताक्षरात) :

अर्ज पूर्ण वाचला. अर्जदारास दरवाज्यात बोलावून समक्ष विचारणा केली. नाव सुकैना सांगते. पंथ विचारला नाही.

किल्लेदार बकीर आगा यांचे म्हणणे ऐकले. त्यांनी वरचा हुकूम दाखविला. हुकूम खरा आहे.

अर्जदारास भाऊ आहे असे धरले, तर तोच तिचा वाली ठरतो. तो शत्रूच्या मुलखात आहे. मग हे प्रकरण राजधानीकडे पाठवावे लागेल, आणि तेथून उत्तर येईपर्यंत बाई आहे तेथेच राहील. मी अशी उत्तरे येताना पाहिलेली आहेत. माणसे तोवर टिकत नाहीत.

सबब सफर महिन्यातील निवेदन खोटे असल्याचे अर्जदाराचे म्हणणे मी दप्तरात घेत नाही. ते निवेदन शपथेवर झालेले आहे आणि कायम आहे. दरवाज्यात आलेला इसम तिचा कोणी नव्हता. तिला नवरा नाही, भाऊ नाही, कोणीही नाही. जिला वाली नाही तिचा वाली काझी असतो, एवढे शरियतीत स्पष्ट आहे. तिची ओळख पटविण्याचे काम मी माझ्याकडे घेत आहे. ठरविलेले लग्न रद्द. बाईने माझ्या घरच्या बायकांच्या उंटांबरोबर मक्केपर्यंत यावे.

अट एकच. तिने आज पुन्हा, माझ्यासमोर, भाऊ नाही असे शपथेवर सांगावे. नाहीतर आगा उद्या हाच अर्ज पुरावा म्हणून वर पाठवतील, आणि तो त्यांना पाठवावाच लागेल.

अट वाचून दाखविली. बाई म्हणाली, "आणि उद्या कधी तो आला, आणि बहीण कुठे आहे विचारलं, तर?"

मी म्हणालो, "तर तो कोणाची बहीण विचारतोय, ते कोणालाच माहीत नसेल."

ती दरवाज्याच्या फळीला हात लावून उभी राहिली. मागे एक दळणारी बाई होती, ती "बोल गं, बोल लवकर" असे म्हणत होती. आगांनी तिला गप्प केले नाही, ही नोंद त्यांच्या बाजूने करीत आहे.

मग बाईने शपथ घेतली आणि म्हणाली, "लिहा. मला भाऊ नाही. कधीच नव्हता."

'कधीच नव्हता' हे शब्द अटीत नव्हते. ते मी शपथेत लिहून घेतलेले नाहीत.

निशाणी घेतली. दरवाजा उघडावा.